नाळरक्त प्रतिरोपण

प्रसूतीनंतर वार व नाळ यांत उरणारे, साधारण 100 मिलिलिटर रक्त पूर्वी वारेबरोबर टाकून दिले जाई. त्यातील रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी गोठवून टिकवता येतात, हे इंडियाना विद्यापीठात हॅल ब्रॉक्समेयर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. ऑक्टोबर 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी पांडुरोग हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीचे नाळरक्त दिले. हे पहिले यशस्वी नाळरक्त प्रतिरोपण. पुढे न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक नाळरक्तपेढी निघाली.

नाळरक्तातील प्रतिकारपेशी अननुभवी असतात. त्यामुळे दाता व रुग्ण यांचा ऊतक-मेळ पूर्ण नसला तरी चालते आणि दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटण्याचा धोकाही कमी राहतो. खरी अडचण आहे ती पेशींच्या संख्येची. प्रौढांना एक पिशवी अनेकदा पुरत नाही. पेशी रुजायलाही वेळ लागतो आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग गाठतो. म्हणून दोन बाळांचे रक्त एकत्र देणे, पेशी प्रयोगशाळेत वाढवणे असे उपाय झाले.

बाळाचे नाळरक्त त्याच्याच भविष्यातील उपचारांसाठी साठवणाऱ्या खासगी पेढ्यांची ‘जैविक विमा’ ही जाहिरात मात्र फसवी आहे. आनुवंशिक रक्तविकारात बाळाच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही भविष्यातील स्वतःच्या वापरासाठी अशा साठवणीची शिफारस करत नाही.