झगमगाटाची टिंगल: सुपारी कोणाची, हशा कोणाकडे?

गावी गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "तू तर एमएस्सी फिजिक्स ना? मग पीएचडी कशात?" मी सांगते, करमणुकीच्या इतिहासात, त्यातही विनोदाच्या. त्यावर आमचे एक काका म्हणाले होते, "म्हणजे तुला टीव्ही बघायचे पैसे मिळतात?" आता काय सांगायचं, काही महिने तसंच चाललं होतं.

टीव्ही बघून मी जे शोधतेय ते असं: सिनेमावाल्यांच्या झगमगत्या दुनियेची टिंगल त्याच दुनियेच्या मंचावर, तिच्याच पैशांनी होते, तेव्हा ती कितपत बोचते? यासाठी मी वहीत तीन रकाने आखलेत. पैसे कोणी दिले, समोर कोण बसलंय आणि हशा पिकला की लोकांच्या माना कोणाकडे वळतात. तिसरा रकाना फिजिक्सची देणगी. बल किती आहे एवढं सांगून भागत नाही, ते कुठल्या दिशेला लागतंय तेही सांगावं लागतं. हशाचंही तसंच आहे.

सुरुवात तमाशापासून करते, कारण आमच्या नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडातून अजून नगरच येतं) टिंगलीची जुनी शाळा तीच. कांताबाई सातारकर संगमनेरच्याच झाल्या होत्या. मे 2021 मध्ये कोरोनाने त्या गेल्या. त्यांचा फड मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासोबत गावोगाव फिरला. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा कमिटीची माणसं तिथे जाऊन सुपारी ठरवतात. म्हणजे पहिल्या रकान्यात गावचे पुढारी. दुसऱ्यात तेच पुढारी पुढच्या खुर्च्यांवर, आणि मागे सगळं गाव. मग बतावणीत सोंगाड्या सरपंच, पाटील, सोसायटीचा चेअरमन असं एकेक काढायला लागतो, आणि अख्ख्या गावाच्या माना पुढच्या खुर्चीकडे वळतात. सुपारी देणारा स्वतःच्याच पैशांनी स्वतःची फजिती बघतो, आणि गावासमोर रागावता येत नाही म्हणून हसतो. गौळणीत तर खुद्द कृष्णालाही सवलत नसते. लुगडं नेसलेला पुरुष, म्हणजे मावशी, त्याला अडवून चार शब्द सुनावते.

हे ऐकायला छान वाटतं, पण दुसऱ्या रकान्यात मी "सगळं गाव" लिहिलं ते खोटं आहे. आमच्या गावात त्या गर्दीत बायका नसायच्या. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात एकदाही तमाशा पाहिला नाही. ढोलकीचा आवाज तिने घरातूनच ऐकला.

आता टीव्ही. दूरदर्शनच्या काळात, 1989 साली, जसपाल भट्टींच्या 'फ्लॉप शो'ने नावं दाखवतानाच आपल्याच मालिकेच्या निर्मितीची खिल्ली उडवली होती. तिथे कुठला सिनेमा विकायचा नव्हता. मराठीत या वाटेवरचा सगळ्यात मोठा मुक्काम 'चला हवा येऊ द्या'. झी मराठीवर ऑगस्ट 2014 मध्ये तो सुरू झाला आणि मार्च 2024 पर्यंत चालला. सूत्रसंचालक डॉ. निलेश साबळे. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही नावं कोणाला सांगायची गरज नाही. गाव थुकरटवाडी, नकाशात नसलेलं, स्टुडिओत बांधलेलं. नव्या सिनेमाची मंडळी जाहिरातीसाठी तिथे यायची, पाहुणे म्हणून सोफ्यावर बसायची, आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या चालीची, संवादांची, केसांची नक्कल व्हायची. 2016 मध्ये शाहरुख खान 'फॅन'च्या निमित्ताने येऊन गेला.

रकाने भरू. पैसे: वाहिनी आणि जाहिरातदार, आणि ज्याची टिंगल होणार त्यालाही तिकीट विकायचंय. समोर: तोच पाहुणा. तमाशात सरपंच बसतो तसाच की! मला आधी हे दोन्ही एकच वाटलं होतं. मार्गदर्शक बाईंना तसं लिहूनही दिलं. त्या म्हणाल्या, "आवाज बंद करून बघ."

आवाज बंद केला आणि तिसरा रकाना भरला. विनोद झाला की कॅमेरा लगेच पाहुण्याच्या चेहऱ्यावर जातो. पाहुणा पोट धरून हसतोय, टाळी देतोय, डोळे पुसतोय. तो हसला की आपण हसतो. तमाशात गाव आधी हसतं आणि पुढाऱ्याला मागून हसावं लागतं. इथे क्रम उलटा. पाहुण्याचं हसू ही परवानगी असते. आणि ती देणारा बघा किती मोठ्या मनाचा, हे आपण घरी बसून बघतो. टिंगल झाली, पण झगमगाट आणखी उजळला. नक्कलही चालण्या-बोलण्याचीच असायची. सिनेमाला पैसा कुठून येतो, मराठी चित्रपटाला थिएटर का मिळत नाही, असल्या ठिकाणी हात क्वचितच घातला जायचा. अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र घेऊन सागर कारंडेंचा पोस्टमन यायचा, तेव्हा मात्र हवा बदलायची. दुष्काळ, शेतकरी, आई-बाप. तिथे कोणाची नक्कल नसायची, आणि सोफ्यावरची मंडळी पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या जागी बसलेली दिसायची.

पण म्हणून थुकरटवाडीला मोडीत काढायला मी तयार नाही. सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊला आमच्या घरात आजी सगळ्यात पुढे बसायची. साडी नेसलेल्या भाऊ कदमांना बघून ती जे हसायची, ते हसू तिला जत्रेने कधी दिलं नव्हतं. लुगड्यातली मावशी तिच्यापर्यंत पोहोचायला टीव्ही यावा लागला. (पुरुषाने साडी नेसली की झाला विनोद, याचा मला कंटाळा येतो. आजीला येत नव्हता. दोन्ही गोष्टी प्रबंधात आहेत.)

टिंगलीची सगळ्यात तिखट तऱ्हा मात्र मला टीव्हीवर सापडलीच नाही. ती सापडली एका नगरकराच्या कामात. सदाशिव अमरापूरकर, जन्म 1950, नगर. जगाला ते 'अर्धसत्य'चे रामा शेट्टी आणि 'सडक'ची महाराणी म्हणून माहीत. भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त 3 मे 2013 ला 'बॉम्बे टॉकीज' आला, त्यात दिबाकर बॅनर्जींची 'स्टार' ही छोटी गोष्ट आहे, सत्यजित राय यांच्या कथेवरची. नवाजुद्दीन सिद्दीकीचं पात्र हुकलेला नट आहे. शूटिंग बघायला थांबतो आणि हिरोला धडकणाऱ्या वाटसरूचं एवढंसं काम त्याला मिळतं. तेव्हा कचराकुंडीतून त्याचा दिवंगत नाट्यगुरू वर येतो आणि त्याची बिनपाण्याने करतो. तो गुरू म्हणजे अमरापूरकर. इथे हसू येतं, पण माना वळवायला समोर हिरो नसतो. आपण हसतो ते स्वतःच्या हावेला. अर्थात, याच चित्रपटाच्या शेवटी ताऱ्यांची रांगच्या रांग नाचवणारं गाणं आहे, हेही नोंदवायला हवं.

त्याच्या काही आठवडे आधीची गोष्ट. मार्च 2013. नगरसकट अर्धा महाराष्ट्र दुष्काळात, आमच्याकडे जनावरं छावणीत. मुंबईत अमरापूरकरांच्या घराजवळ होळीला रेन डान्स चालला होता. पाणी वाया घालवू नका म्हणून ते बोलायला गेले आणि त्यांनाच मारहाण झाली. पडद्यावरचा खलनायक पाण्यासाठी मार खातो, हा प्रसंग कोणी लिहिला असता तर मी तो बटबटीत म्हणून खोडला असता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 2014 मध्ये, ते गेले. थुकरटवाडी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती.

या चैत्रात मी जत्रेतला तमाशा पहिल्यांदा समोर बसून पाहिला. बरोबर आई होती, आणखी पाच-सहा बायका होत्या. मी मोबाइल वर धरून रेकॉर्डिंग करत होते. सरपंचाची सालटी काढून झाल्यावर सोंगाड्याने माझ्याकडे बोट केलं. "ओ मॅडम, शूटिंग करताय, सुपारी दिली का?" अख्ख्या गावाच्या माना माझ्याकडे वळल्या. आई सगळ्यात मोठ्यांदा हसत होती. मी मोबाइल खाली ठेवला, आणि हसले.