२०० ग्रॅमचं पाकीट २०० भरतंय का? शेंगा चटणी पॅक करणाऱ्यांसाठी माहिती

मोडनिंब : सोलापुरी शेंगा चटणी घरी कुटून पाकिटात विकणारे बचत गट आणि छोटे उद्योजक माढा तालुक्यातही आहेत. चव जमते, पण पाकिटाचं वजन कधी १९२ तर कधी २०९ ग्रॅम भरतं. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, मालाचा असतो.

छोट्या पॅकिंग मशीनमधला कप वजन नाही, माप भरतो. सकाळची जाडसर, मोकळी चटणी त्यात कमी मावते. दुपारी उन्हानं तेल सुटलं की तीच चटणी दबून बसते आणि त्याच कपातून जास्त माल जातो. कुटल्याबरोबर गरम माल भरला तरी हाच घोटाळा होतो, वर सीलच्या कडेला तेल लागून पाकीट गळतं ते वेगळंच.

म्हणून माल आधी परातीत पसरून पूर्ण गार करावा आणि एकाच जाळीच्या चाळणीतून काढावा. वेगवेगळ्या घाण्यांची चटणी एकत्र कालवून मगच मशीनमध्ये टाकावी. दर अर्ध्या तासाला सलग पाच पाकिटं काट्यावर ठेवून वजन वहीत लिहावं. रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करायला विसरू नये. एकच पाकीट कमी भरलं म्हणून लगेच कप फिरवू नका, पाचांची सरासरी सरकली तरच हात लावा. सारखं फिरवत बसलं तर फरक उलट वाढतो.

कायदा काय सांगतो? वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे २०० ग्रॅमच्या पाकिटात तुटीची मुभा ९ ग्रॅम आहे. मात्र तपासलेल्या पाकिटांची सरासरी २०० च्या खाली जाता कामा नये. म्हणजे सगळीच पाकिटं १९५ ची भरून 'मुभेत आहे की' म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणीही दरवर्षी करून घ्यावी लागते.

भीतीपोटी बरेच जण २०५ भरतात. हजार पाकिटांमागं पाच किलो चटणी अशीच फुकट जाते, म्हणजे २५ पाकिटांचा माल. फरक आटोक्यात आला की २०१-२०२ वर भागतं. सुरुवातीला मशीनपेक्षा हातानं, काट्यावर भरलेलं बरं. वेळ लागतो, पण हिशोब चुकत नाही.