अडलेल्या घासाचा इतिहास

कामगार संघटनेत केस पिकलेल्या माणसाने वैद्यकाचा इतिहास सांगावा याचे आपणांस नवल वाटेल. आम्हांस हा विषय आमच्या एका सभासदाने शिकविला. जेवणाच्या सुट्टीत त्याची अर्धी भाकरी संपत नसे. घास छातीत अडे. मग उभा राहून, घोट घोट पाणी पिऊन तो खाली लोटी. रात्री तेच अन्न तोंडाशी येई. मुकादम म्हणे कामचुकार, डॉक्टर म्हणत पित्त. आणि आम्ही, सांगावयास लाज वाटते, ‘चिंता सोड’ म्हणून समजूत घालीत होतो. अशी दोन वर्षे गेली.

घास वजनाने खाली पडतो असे आपण समजतो. तसे नव्हे. अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आवळत त्यास ढकलतात आणि जठराच्या तोंडचे कडे वेळेवर सैल पडते. भिसेगावकरांस हे सांगणे सोपे. घाट चढावयाच्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिने लागत आली. पण पुढचा सिग्नलच पडला नाही तर गाडी उभीच. ॲकॅलेशिया या विकारात तेथील मज्जापेशी नष्ट होतात. लाटही मरते, सिग्नलही पडत नाही.

१६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा एका रोग्याची हकीकत लिहिली. देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून रोगी स्वतःच घास खाली लोटी, आणि त्यावर पंधरा वर्षे त्याने काढली! पुढे पुष्कळ काळ यास पेटका मानीत. कडे आवळत नाही, ते सैलच होत नाही, हे आर्थर हर्स्टने विसाव्या शतकात ठासून सांगितले. मात्र उपाय त्याआधीच सापडला होता. १९१३ साली जर्मनीत अर्न्स्ट हेलरने ते स्नायू कापले. २००८ साली जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी तेच काम तोंडावाटे दुर्बीण घालून केले. फुगा घालून कडे ताणण्याचाही मार्ग आहे. मेलेली लाट मात्र यांतील कोणताच उपाय परत आणीत नाही.

आमच्या सभासदास आम्ही मुंबईस नेले. प्रथम दुर्बिणीने कर्करोग नाही याची खात्री केली. बेरियम पाजून काढलेल्या चित्रात नलिका वर फुगलेली, खाली पाखराच्या चोचीसारखी निमुळती दिसली. शेवटी नाकावाटे बारीक नळी घालून गिळतानाचा दाब मोजला. निदान त्यानेच पक्के झाले.

शस्त्रक्रिया होऊन आता तो जेवतो, पण सावकाश, घोट घेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने विश्रांती किमान अर्ध्या तासाची ठरविली होती. त्यास दहा मिनिटे जास्त मिळावीत असा अर्ज आम्ही दिला आहे. तो अद्याप व्यवस्थापकांच्या टेबलावर पडून आहे.