भगवानदादांचा हिशेब

गिरणगावातल्या म्हाताऱ्यांसमोर भगवानदादांचं नाव काढलं की आधी हसू फुटायचं, मग हिशेब निघायचा. माझे आजोबा लालबागचे, गिरणीत साच्यावर. भगवान आबाजी पालव हेही गिरणीकामगाराचेच पोर, म्हणजे आपला माणूस. बुटका, जाडा, कुस्तीचा नाद असलेला. वर्षानुवर्षं स्टंटपट काढले आणि राज कपूरने सुचवल्यावर सामाजिक चित्रपटाकडे वळले. १९५१ साली ‘अलबेला’ आला. सोबत गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं.

आजोबा सांगायचे, गाणं लागलं की पिटातली पोरं पडद्यावर चिल्लर उधळायची. दादांचा नाच तरी काय! कोपरं अंगाशी, पंजे हलते, पाऊल वीतभर पुढे, वीतभर मागे. त्याला ना शिकवणी लागायची, ना जागा. चाळीच्या गॅलरीत बादल्यांच्या मधे उभं राहूनही जमायचा. म्हणून तो वरातीत शिरला, विसर्जनात शिरला. पुढे अमिताभनेही उचलला.

आजी मात्र एवढ्यावर थांबू देत नसे. १९४२मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात दादांची थप्पड ललिता पवारांना खरीच बसली. चेहऱ्याला लकवा, लांबलेले उपचार, डावा डोळा कायमचा बारीक. नायिकेच्या भूमिका संपल्या. आजोबा म्हणायचे, “मुद्दाम नाही गं मारली.” टीव्हीवर ‘रामायणा’त मंथरा झालेल्या ललिताबाई दिसल्या की आजी ऐकवायची, “त्या डोळ्यावर बाईने नाव कमावलं, ते तिचं कर्तृत्व. ह्याच्या खात्यात कशाला जमा करता?”

पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ. जुहूला २५ खोल्यांचा बंगला, दारात सात गाड्या. मग ‘झमेला’, ‘लाबेला’ अशी नावं जुळवून तेच नशीब पुन्हा गाठायला गेले आणि होतं नव्हतं ते घालवून बसले. शेवटी दादरची चाळ, मिळेल ती छोटी भूमिका. २००२ साली गेले.

यातलं काहीच चाळीने झाकून ठेवलं नाही. दोष झाकूनच टिकणारं मोठेपण कच्चं असतं. दादांनी पोट सुटलेल्या, पायात ताल नसलेल्या माणसाला चारचौघांत नाचायची हिंमत दिली. ती देणारा माणूस निर्दोष असायची गरज नव्हती.

आजी स्वतः विसर्जनाला तोच नाच करायची. टोकलं तर म्हणायची, “नाच चांगला म्हणून थप्पड माफ होत नाही. आणि थप्पड लागली म्हणून मी का नाचायचं सोडू?”