ओटावाच्या चौकात तीन तास

आधी नाकावर रुमाल धरा. २१ ऑगस्ट १८५८, इलिनॉयमधलं ओटावा, आणि गावावर धुळीचा जाड पडदा पसरलाय. घोडागाड्यांनी, कालव्यातल्या होड्यांनी, आगगाडीने माणसं येताहेत; दहा हजारांच्या आसपास. तुम्ही चौकात चालत पोचत नाही, ढकलले जाता. बसायला बाक नाहीत. घामाचा, तंबाखूचा, घोड्यांच्या लिदीचा वास. बँड वाजतोय, तोफ धडाडते, पोटात हादरा बसतो. तेवढ्यात मंचाच्या फळ्यांच्या छपरावर चढलेले टगे धाडकन खाली कोसळतात, थेट स्वागत समितीच्या डोक्यांवर!

गुलामगिरीवर वाद घालायला सिनेटच्या एकाच जागेचे दोन उमेदवार मंचावर आलेत. आधी स्टीफन डग्लस. बुटका, रुंद छातीचा, आवाज घुमणारा. एक तास बोलतो. मग अब्राहम लिंकन, ताडमाड उंच, आवाज किनरा पण पार मागच्या रांगेपर्यंत जाणारा. दीड तास. पुन्हा डग्लस, अर्धा तास. तुमचे पाय भरून आलेत, मान भाजतेय. सिनेटर निवडणार विधिमंडळ, म्हणजे या दोघांपैकी कुणालाच थेट मत देता येणार नाही. तरी लोक हलत नाहीत. मध्येच ओरडून विचारतात, वक्त्याला उत्तर द्यायला लावतात.

इथे कान झाकू नका. काळा माणूस आपल्या बरोबरीचा नाही, असं डग्लस ठणकावतो आणि तुमच्या शेजारचा टाळ्या पिटतो. सामाजिक समता आणायचा आपला इरादा नाही, हे लिंकनही सांगतो. पण स्वतःच्या हातांनी मिळवलेली भाकरी खाण्याच्या हक्कात तो काळा माणूस डग्लसच्या तोडीचा आहे, असं म्हणतो तेव्हा आरोळ्यांनी चौक दणाणतो. ज्याच्याबद्दल हे चाललंय, त्याला मंचावर जागा नाही.

आजच्या अमेरिकेत टीव्हीवरच्या वादांना विटलेली माणसं या दोघांची आठवण काढतात. शाळांमध्ये त्यांच्या नावाची वादस्पर्धा असते, पाऊण तासात उरकणारी. २०११ साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या न्यूट गिंग्रिच आणि हर्मन केन यांनी याच नावाचा कार्यक्रम केला. आठवणीत दोन वक्ते राहिले. शेजारच्याची ती टाळी गळून गेली, आणि तीन तास उन्हात उभं राहून ऐकणारे लोकही. मला दोन्ही हवेत. टाळीसकट.

सभा संपली. समर्थक लिंकनला खांद्यावर उचलून नेताहेत. पुढे डग्लस सांगत फिरेल की त्याचे पाय लटपटत होते, म्हणून उचलावं लागलं. बघा नीट, तुम्ही अगदी जवळ उभे आहात.