बुसानची एक विहीर आणि बिनबियांचं कलिंगड

बुसान हे दक्षिण कोरियातलं सगळ्यात मोठं बंदर. तिथे कॉन्फरन्सला जाणाऱ्यांची फिरण्याची यादी साधारण ठरलेली असते: हेउंदे आणि ग्वांगाल्लीचे किनारे, समुद्राच्या खडकांवरचं योंगगुंगसा मंदिर, डोंगरातलं बोमोसा. यादी चांगली आहे, बदलू नका. फक्त एक सवय लावून घ्या. मंदिराच्या स्थापनेचं साल आणि समोर उभ्या असलेल्या लाकडाचं वय वेगवेगळं मोजायचं. बोमोसाची स्थापना परंपरेने ६७८ सालची, पण १५९२ च्या जपानी स्वारीत ते जळलं आणि आजचं मुख्य सभागृह सतराव्या शतकातलं आहे. योंगगुंगसाची कथाही तीच: स्थापना १३७६, पुनर्बांधणी १९३० च्या दशकात. दोन्ही सालं सांगायची असतात. कशाचं साल, हे विचारायचं राहून जातं.

बोमोसाला मेट्रोच्या १ नंबरच्या लाइनने जातात. त्याच लाइनवर अलीकडे दोंगने लागतं, आणि मला तुम्हाला तिथे उतरवायचंय. त्या भागात वू जांग-चून यांचं एक लहानसं स्मारक-संग्रहालय आहे, १९९९ मध्ये उघडलेलं. नाव ओळखीचं वाटलं नाही? बॉटनीवाल्यांनी एमएस्सीला ‘यूचा त्रिकोण’ नक्की पाठ केलाय. तो ‘यू’ म्हणजे हेच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत ब्रासिका कुळातल्या तीन मूळ जाती: रापा (किमचीचा कोबी यातलाच), नायग्रा आणि ओलेरेशिया (आपला कोबी, फ्लॉवर, नवलकोल). गुणसूत्रं अनुक्रमे १०, ८ आणि ९ जोड्या. बाजूंवर त्यांच्या संकरातून झालेल्या तीन जाती: १८, १९ आणि १७ जोड्या. बेरीज करून बघा. १८ वाली जुन्सिया, म्हणजे आपल्या फोडणीतली मोहरी. १९३५ च्या शोधनिबंधात वू नुसती बेरीज मांडून थांबले नाहीत. रापा आणि ओलेरेशियाचा संकर करून त्यांनी १९ वाली नेपस प्रयोगात तयार करून दाखवली. जाती फुटून वेगळ्या होतात तशा दोन जाती एकत्र येऊनही नवी जात होते, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा होता.

त्या निबंधावर लेखकाचं आडनाव फक्त ‘यू’ आहे. डेटाबेसमध्ये एकाक्षरी आडनाव शोधणं म्हणजे डोकेदुखीच, पण ते अक्षर साधं नाही. वू १८९८ मध्ये जपानमध्ये जन्मले. वडील कोरियन लष्करी अधिकारी, १८९५ मधल्या कोरियन राणीच्या हत्येच्या कटात गुंतलेले, म्हणून जपानला पळालेले. १९०३ मध्ये त्यांचीही तिथे हत्या झाली. आई जपानी. लग्नानंतर कागदोपत्री वू यांचं आडनाव जपानी झालं. तरी निबंधावर त्यांनी वडिलांच्या आडनावाचा जपानी उच्चार ठेवला, तो ‘यू’. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, हे लक्षात घेऊन तो निबंध पुन्हा बघा.

मार्च १९५० मध्ये बायकामुलांना जपानमध्ये ठेवून ते बुसानला आले. कोरियात भाजीपाल्याचं बियाणं जपानहून यायचं, तो पुरवठा स्वातंत्र्यानंतर तुटला होता. तीनच महिन्यांत, जूनमध्ये, युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या फौजा मागे हटत हटत बुसानभोवतीच्या एका कोपऱ्यात आल्या. दोंगने त्या कोपऱ्याच्या आत होतं म्हणून वाचलं. बुसान युद्धकाळातली तात्पुरती राजधानी झालं, निर्वासितांनी डोंगरउतार भरून गेले, आणि दोंगनेत कोबी-मुळ्याच्या बियाण्याचं काम चालू राहिलं. पुढे रोगमुक्त बटाट्याच्या बेण्याचंही झालं.

आता कलिंगड. कोरियात वू यांचं नाव घेतलं की अनेकांना पहिलं आठवतं ते ‘बिनबियांच्या कलिंगडाचे जनक’. हे चूक आहे. ते काम क्योतोच्या किहारा हितोशी यांचं. ४४ गुणसूत्रांच्या झाडाचा २२ वाल्याशी संकर करायचा, ३३ वाल्या फळात बी धरत नाही. वू यांनी असं कलिंगड कोरियात पिकवून दाखवलं, नव्या बियाण्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून. ‘दाखवलं’चं ‘शोधलं’ झालं आणि ते शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचलं. मला याचा राग येतो तो किहारांच्या श्रेयापेक्षा वेगळ्या कारणाने. रोजच्या जेवणातल्या कोबीचं बियाणं देशात तयार होऊ लागणं ही मोठी गोष्ट, पण ती डोळ्यांना दिसत नाही. कलिंगड कापलं की दिसतं. तुमच्या विषयातही अशी कलिंगडं असणार. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘अमुक यांनी शोध लावला’ असं वाक्य उचलण्याआधी मूळ निबंध उघडा आणि क्रियापद तपासा.

संग्रहालयाजवळ एक विहीर आहे. १९५३ मध्ये वू यांची आई जपानमध्ये वारली. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नव्हते (ते १९६५ मध्ये जुळले), आणि कोरियन सरकारने त्यांना अंत्यविधीला जाऊ दिलं नाही. लोकांनी सांत्वन म्हणून दिलेल्या पैशांतून त्यांनी संस्थेत पाण्यासाठी ही विहीर खोदून घेतली. नाव ठेवलं ‘जायुचोन’, म्हणजे मायेच्या दुधाचा झरा. १९५९ मध्ये ते गेले. विहीर अजून आहे. दोंगनेला उतरलात तर ती बघा आणि मग तीच लाइन धरून बोमोसाला जा.