अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडतात तेव्हा

सततचा थकवा, घटणारे वजन, भूक न लागणे, उभे राहताच येणारी चक्कर. ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की अनेक जण महिनोन्‌महिने टॉनिक घेत राहतात. क्वचित यामागे अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा आजार असतो. वेळेत निदान झाले, तर रोजच्या गोळ्यांवर नेहमीसारखे आयुष्य जगता येते. निदान झाले नाही किंवा गोळ्या अचानक थांबवल्या, तर जिवावर बेतू शकते.

या ग्रंथी काय करतात?

दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिथे तयार होणारे कॉर्टिसॉल रक्तदाब आणि रक्तातील साखर सांभाळते. ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर ते जास्त प्रमाणात तयार करते. अल्डोस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक शरीरातील मीठ आणि पाणी टिकवते. कॉर्टिसॉल किती बनवायचे याचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच या संप्रेरकामार्फत देते.

बिघाड कुठे होतो?

• अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच: याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले. शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करणे आणि क्षयरोग (टीबी) ही त्याची महत्त्वाची कारणे आहेत. यात हिरड्या, तळहाताच्या रेषा, बोटांची पेरे आणि जुने व्रण काळवंडतात. खारट खाण्याची तीव्र इच्छा होते.

• पिट्युटरी ग्रंथीत: गाठ, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनमुळे एसीटीएच कमी पडते. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाल्यानेही पिट्युटरीला इजा होऊ शकते. त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाळंतपणानंतर दूध आले नाही, पाळी परत सुरू झाली नाही आणि अशक्तपणा वाढत गेला, तर डॉक्टरांना तो रक्तस्राव आवर्जून सांगा, मग त्याला कितीही वर्षे झालेली असोत. या प्रकारात त्वचा काळवंडत नाही.

• स्टेरॉइडमुळे: दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यास शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. औषध एकदम थांबवले, तर ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. सांधेदुखी किंवा दम्यासाठी मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकते.

तपासणी

सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल तपासतात. गरज पडल्यास एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथी किती प्रतिसाद देतात ते पाहतात. सोडियम, पोटॅशियम आणि साखरही तपासली जाते.

उपचार

शरीरात जे बनत नाही, ते गोळीने भरून काढायचे. प्रौढांना सहसा दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन भागांत देतात. सर्वांत मोठा डोस सकाळी. अ‍ॅडिसनच्या आजारात बहुधा फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागते. ‘स्टेरॉइड म्हणजे वाईट’ या भीतीने गोळी सोडू नका. इथे ती शरीराची रोजची गरज भागवते.

टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असेल, तर हायड्रोकॉर्टिसोन शरीरातून लवकर निघून जाते आणि डोस वाढवावा लागतो. थायरॉइडची गोळीही सुरू करायची असेल, तर आधी कॉर्टिसॉलची कमतरता भरून काढावी लागते.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

• उपवास असला तरी गोळी चुकवू नये. कडक उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.
• ताप आला, तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस सहसा दुप्पट किंवा तिप्पट करतात. तुमच्यासाठी नेमके किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.
• उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर थांबू नका. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागते. प्रौढांसाठी ते १०० मिलिग्रॅम असते. ते घरी ठेवावे का आणि कसे टोचावे, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. इंजेक्शन दिले तरी रुग्णालयात जायलाच हवे.
• शस्त्रक्रिया किंवा दात काढण्याआधी तुमचा आजार सांगा.
• आजाराचे नाव आणि औषधे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा.

तीव्र अशक्तपणा, सततच्या उलट्या, पोटदुखी, गोंधळलेपण किंवा बेशुद्धी ही अ‍ॅड्रिनल क्रायसिसची चिन्हे आहेत. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि पोहोचताच सांगा: “यांना अ‍ॅड्रिनलचा आजार आहे, हायड्रोकॉर्टिसोन लागेल.”